खत कोणाचे, फौज कोणाची?

मराठीत इतिहासावर लिहिणाऱ्यांची एक आवडती खोड आहे. परकीय व्यापाऱ्यांनी एखाद्या राज्यात जमिनीवर हक्क सांगितल्याचा विषय निघाला की रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे बोट दाखवायचे, १७१५-१६ च्या सुमारासच आमच्या मुत्सद्द्याने टोपीकरांना ओळखले होते असे सांगायचे, आणि त्या द्रष्टेपणाच्या कौतुकात विषय बुडवून टाकायचा. कौतुक चुकीचे आहे असे नाही. पण ज्या ग्रंथाचे इतके कौतुक होते तो वाचला मात्र फार थोड्यांनी असावा, अशी शंका यावी इतके त्याचे सांगणे उलटे करून मांडले जाते.

अमात्यांचे सांगणे थोडक्यात असे आहे. साहुकार ही राज्याची शोभा; त्यांना राखावे, मान द्यावा, परमुलखीच्या साहुकारांनाही बोलावून आणून वसवावे. यानंतर ते फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस वगैरे टोपीकरांकडे वळतात आणि हे इतर साहुकारांसारखे नव्हेत असे बजावतात. का नव्हेत? ते गोरे आहेत, ते परधर्मी आहेत, ते दूरचे आहेत, यावर अमात्य थांबत नाहीत. त्यांचे मूळ कारण हे की यांचे खावंद प्रत्येकी राज्य करणारे आहेत. त्यांच्या हुकमाने, त्यांच्या ताब्यात राहून हे व्यापाराला येतात. आणि राज्य करणाऱ्याला भूमीचा लोभ नाही असे कधी घडत नाही. म्हणून यांना वखारीसाठी जागा देणे भागच पडले तर समुद्रकिनारी, खाडीच्या मुखाशी देऊ नये. आत, मोठ्या शहराच्या आसऱ्याने, नजरेखाली राहील अशी द्यावी. पक्के बांधकाम करू देऊ नये. किनाऱ्यावर जागा मिळाली तर आरमार पाठीशी घेऊन ते किल्ला उभा करतील, हा हिशेब त्यामागे आहे.

म्हणजे अमात्यांनी दोन व्यापाऱ्यांत भेद केला तो जन्मभूमीवरून नव्हे. परमुलखीचा साहुकार त्यांना हवाच आहे. भेद आहे तो त्याच्या पाठीशी कोण उभे आहे यावरून. आमच्याकडच्या लेखांतून, भाषणांतून हा भेद गळून पडतो आणि उरतो तो केवळ ‘परका’ हा शब्द. मग तोच शब्द आज मारवाड्यावर, उद्या गुजरात्यावर, परवा बिहारहून आलेल्या मजुरावर फेकता येतो, आणि प्रत्येक वेळी अमात्यांची साक्ष काढता येते. हा अमात्यांवर अन्याय आहे. त्याहून मोठा अन्याय वाचकावर आहे, कारण ज्या प्रश्नाने खरा धोका ओळखता आला असता तो प्रश्नच त्याच्या हातून काढून घेतला जातो.

हा प्रश्न पुस्तकी नाही हे दाखवायला कोकणच्या किनाऱ्यावर जायची गरज नाही. प्रस्तुत लेखक ज्या मुलखात बसून हे लिहितो आहे तो पुरेसा आहे. डोंगरकडा हे आज हिंगोली जिल्ह्यातले, कळमनुरी तालुक्यातले गाव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा होता. इथून उत्तरेला गेले की पैनगंगा लागते, आणि नदीपलीकडे वऱ्हाड. नदीच्या दोन्ही काठांची बोली फारशी वेगळी नाही, पीकपाणी वेगळे नाही, सोयरिकी तर नदी पाहून कोणी करत नाही. तरीही जवळजवळ शंभर वर्षे अलीकडचा काठ निजामाच्या अमलाखाली आणि पलीकडचा इंग्रजांच्या, अशी फाळणी राहिली. ही फाळणी एकाही लढाईने झाली नाही. ती झाली उधारीच्या वहीने. आणि त्या वहीतला खर्च ज्या फौजेच्या नावावर पडला होता तिची एक मोठी छावणी हिंगोलीलाच होती.

वऱ्हाडच्या उत्पन्नावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीन वेगवेगळ्या धनकोंनी हक्क सांगितला. तिघांचे काय झाले हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की अमात्यांचा भेद किती नेमका होता ते कळते.

पहिला धनको म्हणजे हैदराबादची विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी. पामर हा पुण्याच्या दरबारात रेसिडेंट राहिलेल्या जनरल पामरचा मुलगा. आई हिंदुस्थानी मुसलमान घराण्यातली. म्हणजे रक्ताचा हिशेब करणाऱ्यांची इथेच पंचाईत. १८१४ मध्ये या पेढीला गव्हर्नर-जनरलची परवानगी मिळाली. इंग्रज प्रजाजनांनी देशी संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा इंग्लंडच्या पार्लमेंटचा १७९७ चा कायदा होता. १८१६ मध्ये पेढीला त्यातूनही सूट मिळाली. पेढीतला एक भागीदार, सर विल्यम रंबोल्ड, याचे लग्न गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या पालकत्वाखाली वाढलेल्या मुलीशी झाले होते, एवढे सांगितले की सुटीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. दरबारात सूत्रे दिवाण चंदूलालच्या हाती. पेढीने निजामाला रक्कम द्यायची, ती मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या पगारात जायची, आणि त्या बदल्यात पेढीला जिल्ह्यांच्या वसुलावर तनखे मिळायचे. व्याज शेकडा २५. पुढे १८२० मध्ये ६० लाखांचे एक नवे कर्ज उभे राहिले. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने वह्या पाहिल्या तेव्हा दिसले ते असे की या ‘नव्या’ कर्जातला मोठा भाग जुन्याच बाकीचे नवे नाव होते, आणि त्यावर पेढीने स्वतःसाठी बक्षिसीही धरली होती.

कोणत्याही कुणब्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. जुने खत फाडायचे, व्याजासकट नवे लिहायचे, आणि कोरे पैसे दिल्याचे भासवायचे. फरक इतकाच की इथे कुणब्याच्या जागी निजाम होता.

शेवट कसा झाला? हेस्टिंग्ज १८२३ च्या आरंभी परत गेला, पेढीवरची छाया गेली, आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. पण त्याआधी तिच्या देण्याची सोय लावण्यात आली होती. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत असे. ही पेशकश म्हणजे त्या मुलखावरच्या निजामाच्या स्वामित्वाची शेवटची खूण. कंपनीने १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपये एकरकमी देऊन ती कायमची सोडवून घेतली, आणि त्या पैशातून पामरचे देणे वारले. मेटकाफला आम्ही प्रामाणिक अधिकारी म्हणतो, आणि तो होताही. पण लबाड पेढीला उघडे पाडण्याच्या या सदाचारी प्रकरणाच्या शेवटी निजामाच्या हातातून एका प्रांतावरचा हक्क गेला आणि तो कंपनीकडे आला, ही गोष्ट प्रामाणिकपणाच्या कौतुकात सांगायची राहून जाते.

दुसरा धनको पारशी. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे मूळचे तारापूरकडचे बंधू. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेणाऱ्यांत ते पहिले. दरबारची निकड भागवता भागवता त्यांनाही वऱ्हाडातल्या मुलखाचा वसूल तोडून मिळाला. औरंगाबादच्या टांकसाळीतून त्यांच्या नावाने ओळखला जाणारा पेस्तनशाही रुपया निघत असे. यापुढे एखाद्या व्यापाऱ्याची राज्यातली पोच काय असायची? वसूल त्यांचा, नाणे त्यांचे. पण १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाला, आणि त्यानंतर दोन वर्षांतच दरबाराने त्यांना मुलूख सोडायला लावले. त्यांनी विरोध केला. त्यांना हुसकावण्यात आले. येणे लाखांत होते, पण त्यामागे फौज नव्हती. ते मुंबईकडचे, इंग्रजांच्या अमलातले असूनही कंपनीने त्यांच्या मागणीमागे आपले वजन घातले नाही. पेढी मोडली.

तिसरा धनको म्हणजे खुद्द कंपनी. ज्या फौजेच्या पगारासाठी पामरचे कर्ज काढले गेले तीच ही कंटिंजंट फौज. रेसिडेंट रसेलच्या काळात ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभी राहिली, आणि खर्च निजामाच्या तिजोरीवर पडला. १८०० च्या तहात अशा कायमच्या फौजेचा बोजा निजामावर टाकलेला नव्हता. लागेल तेव्हा, लढाईपुरती फौज देण्याचे कलम होते. त्यातून शांततेच्या काळातही बारमाही पोसायची फौज निघाली. पगार थकला की कंपनी आपल्या खजिन्यातून तो भागवी आणि निजामाच्या नावे मांडी. तो आकडा चाळीस लाखांवर गेला तेव्हा डलहौसीने वसुलीचा लकडा लावला, आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब एवढा मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हाती गेला. १८६० मध्ये, सत्तावनातल्या निष्ठेचे बक्षीस म्हणून, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले आणि पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र तसेच राहिले.

इथे थांबून विचार करायला हवा. कर्ज माफ झाले, मग तारण कशाचे? उत्तर असे की फौजेचा चालू खर्च आहेच. बरे; मग सालारजंगाने पुढे, त्या खर्चाची कायमची तजवीज होईल एवढी ठेव देतो, वऱ्हाड सोडा, अशी मागणी केली. ती नाकारण्यात आली. धनको पैसे घ्यायला तयार नाही आणि गहाण जमीन सोडायलाही तयार नाही, असे जेव्हा होते तेव्हा त्याला कर्जवसुली म्हणत नाहीत. आमच्याकडे त्याला काय म्हणतात हे मराठवाड्यातल्या कोणत्याही बांधावर विचारावे. शेवटी ५ नोव्हेंबर १९०२ ला कर्झनने वऱ्हाड दरसाल २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतले, आणि त्यापाठोपाठ कंटिंजंट फौज हिंदी लष्करात विलीन होऊन हिंगोलीची छावणीही उठली. ज्या फौजेच्या खर्चासाठी मुलूख घेतला ती फौज गेली, मुलूख राहिला.

तीन धनको, एकच दरबार, बहुतांशी एकच मुलूख. पेस्तनजीकडे बळ नव्हते, त्याने सर्वस्व गमावले. पामरकडे बळ उसने होते, ते असेपर्यंत तो वाढला आणि गेल्यावर बुडाला, पण जाता जाता त्याच्या देण्याच्या निमित्ताने बळवंताचा फायदा झाला. कंपनी स्वतःच बळ होती. तिने वऱ्हाड ठेवले. वंश, धर्म, टोपी यांवरून या तीन निकालांचा उलगडा होत नाही. अमात्यांच्या एका प्रश्नावरून होतो: याचा खावंद कोण?

हाच उलगडा जगाच्या पार दुसऱ्या टोकालाही लागू पडतो. हवाई बेटांच्या राज्यात १८२६ साली अमेरिकन आरमाराची जहाजे आली, तेव्हा तिथल्या सरदारांनी अमेरिकन व्यापाऱ्यांशी चंदनाच्या सौद्यांत केलेली उधारी ही राज्याची उधारी ठरली, आणि ती फेडण्यासाठी प्रजेवर चंदनाचा कर बसला. रिचर्ड चार्ल्टन हा तिथला इंग्रज वकील आणि व्यापारीही. होनोलुलूतल्या मोक्याच्या जागेवर त्याने हक्क सांगितला. पट्टा २९९ वर्षांचा, करून देणारा सरदार कलानिमोकू कधीच वारलेला, आणि हक्क सांगितला गेला तो पट्ट्याच्या तारखेनंतर सुमारे चौदा वर्षांनी. हवाईच्या राजाने तो मानला नाही. १८४३ च्या फेब्रुवारीत लॉर्ड जॉर्ज पॉलेट हा इंग्रज कप्तान युद्धनौका घेऊन आला. त्याच्या मागण्यांत चार्ल्टनची जागा होती. राजाला सारे राज्यच तात्पुरते त्याच्या स्वाधीन करावे लागले. पाच महिन्यांनी, ३१ जुलैला, अ‍ॅडमिरल थॉमसने ते परत केले आणि इंग्रजी न्यायबुद्धीचा जयजयकार झाला. पण जागेचा वाद इंग्लंडने सोडला नाही आणि ती अखेर चार्ल्टनच्या बाजूलाच गेली.

त्यापुढची पायरी अधिक बोधप्रद आहे. १८४८ मध्ये हवाईत जमिनीची मोठी वाटणी झाली. राजा, सरदार आणि राज्य यांचे हक्क वेगळे पाडले गेले. १० जुलै १८५० च्या कायद्याने परकीयांना जमीन विकत घ्यायची पूर्ण मोकळीक मिळाली. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने सामान्य कसणाऱ्याला आपल्या तुकड्यावर हक्क सांगायची सोय झाली, आणि त्यांच्या वाट्याला एकूण जमिनीचा शंभरावा हिस्साही आला नाही. पुढे उसाचे मळे आले. १८८७ मध्ये बंदुकांच्या धाकाने नवी राज्यघटना राजाच्या गळ्यात बांधली गेली, १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला गादीवरून उतरवले गेले, आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. व्यापाऱ्याचा जमिनीवरचा दावा आणि राज्याचा अंत यांत पन्नास-पंचावन्न वर्षांचे अंतर होते. वऱ्हाडात पामरच्या परवान्यापासून कर्झनच्या पट्ट्यापर्यंत ते ८८ वर्षांचे होते. घाई कोणालाच नव्हती.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हा पक्ष स्वतःला समतोल म्हणवतो. त्याचे म्हणणे असे की भावना बाजूला ठेवा. पैसा दिला होता की नाही? सही होती की नाही? दरबार उधळा होता की नाही? तह झाला तो झाला. या पक्षाला उत्तर द्यायला आम्हाला राष्ट्रवादी आवेशाची गरज नाही. इंग्रजांनीच केलेल्या एका कायद्याची गरज आहे.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी सावकारांकडची खते हिसकावून जाळली गेली. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्याचे मर्म असे की न्यायाधीशाने खतावरची सही पाहून थांबू नये. कर्ज पहिल्यांदा कधी झाले, हातात प्रत्यक्ष किती पडले, व्याज किती लावले, जुने खत बदलून नवे कसे झाले, हा सगळा इतिहास आरंभापासून उकरावा आणि मग हिशेब मांडावा. सही हा पुरावा आहे, पण शेवटचा पुरावा नाही, हे तत्त्व इंग्रजी राज्याने स्वतः मान्य केले.

हेच तत्त्व १८५३ च्या तहाला लावून पाहा. कर्ज पहिल्यांदा कसे झाले? तहात नसलेल्या बारमाही फौजेसाठी. फौज कोणाच्या हुकमात? धनकोच्या. पगार कोणी ठरवले? धनकोने. आधीचे व्याज कोणी खाल्ले? धनकोनेच परवाना दिलेल्या पेढीने. ऋणको रक्कम द्यायला निघाला तेव्हा काय झाले? नकार. सुप्याच्या कुणब्याचे असे खत १८७९ नंतर पुण्याच्या न्यायालयात गेले असते तर सावकाराची उलटतपासणी झाली असती. निजामाला ते न्यायालय उपलब्ध नव्हते, कारण तिथे सावकार आणि न्यायाधीश एकच होता. कुणब्याला जो न्याय द्यावा लागला तो राज्याला नाकारण्यात आला, आणि हे नाकारणे दोन्ही ठिकाणी त्याच दशकात चालू होते. ‘सही होती ना?’ असे विचारणाऱ्या समतोल विद्वानांनी निदान १८७९ च्या इंग्रज कायदेकर्त्यांइतके तरी सहीमागे जायला हरकत नसावी.

निजामाची वकिली करायची आमची इच्छा नाही. त्याच्या राज्यात रयतेचे काय हाल होते ते या भागातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत होते, आणि वसूल तनख्यात तोडून दिला म्हणजे भरडला जातो तो शेवटी कसणाराच. पामर आला, पेस्तनजी आला, कंपनी आली. दरबारच्या हिशेबाचा भार प्रत्येक वेळी पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या औतामागे चालणाऱ्याने उचलला. दरबार उधळा होता हे कबूलच. पण ऋणको उधळा होता म्हणून धनकोचा हिशेब खरा ठरत नाही, हे गावातली पंचायतही जाणते.

आणि द्रष्टेपणाच्या पुजाऱ्यांना एक आठवण. आज्ञापत्र कोल्हापूरच्या गादीच्या छायेत लिहिले गेले. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरकरांना परत मिळाला, पण पैसे मोजून आणि वखारीची परवानगी देऊन. तीही ऐन समुद्रकिनाऱ्यावर. त्याआधी १७५६ मध्ये खुद्द पेशव्यांनी आंग्ऱ्यांचे आरमार मोडायला इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि विजयदुर्गाच्या बदल्यात बाणकोट व आसपासची गावे त्यांना तोडून दिली. तीही खाडीच्या मुखाशी. ग्रंथ होता, त्यातले शहाणपण होते. वेळ आली तेव्हा निकडीपुढे ते टिकले नाही. म्हणून आमच्यात एक दूरदर्शी होता या समाधानाला काही किंमत नाही. किंमत आहे ती त्याचा प्रश्न आज विचारण्याला.

आज परकीय नागरिकाला आपल्या देशात शेतजमीन विकत घेता येत नाही. ही तरतूद योग्यच आहे, आणि तिच्यावर आपण निश्चिंत आहोत. पण ही तरतूद खरेदीदाराचे पारपत्र पाहते. पामरचे पारपत्र पाहून काय दिसले असते? दुसरीकडे, महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात एक कलम आहे. अवैध सावकारीच्या व्यवहारात गेलेली स्थावर मालमत्ता, खरेदीखत झालेले असले तरी, पंधरा वर्षांच्या आतली असेल तर चौकशी करून मूळ मालकाला परत देता येते. दस्तात ‘खरेदी’ लिहिले आहे एवढ्यावर हे कलम थांबत नाही. ते विचारते की ही खरी खरेदी होती की कर्जाचे तारण. सुप्याच्या आगीतून निघालेले शहाणपण एकशे पस्तीस वर्षांनी असे जिवंत आहे. ते डोंगरकड्याच्या दोन एकरांना लागू पडते.

ते दोन एकरांच्या वर मात्र चढत नाही. डोंगर, नदी, बंदर, खाण, महामार्गालगतची हजारो एकर जमीन यांचे करार होतात तेव्हा आपण पुन्हा सही पाहतो आणि नाव पाहतो. नाव देशी असले की राष्ट्रवादी गप्प बसतात. सही असली की समतोल मंडळी गप्प बसतात. या दोन मौनांच्या मधून पामर आरामात चालत गेला होता. वाद झाला तर निवाडा कोणत्या देशातल्या कोणत्या लवादापुढे होईल, थकबाकी राज्याच्या माथी कोण मारू शकेल, तारण म्हणून नेमका कोणता वसूल तोडून दिला आहे, आणि पैसे परत केले तर वस्तू खरोखर परत मिळेल का, हे चार प्रश्न कराराच्या पहिल्या पानावर विचारायचे असतात. वऱ्हाडच्या बाबतीत ते विचारायला सालारजंग उभा राहिला तेव्हा तहावरची शाई वाळून वीसेक वर्षे झाली होती.